पाय दुखतो, बोर्ड म्हणतं 'सेवेशी संबंध नाही': डिसॅबिलिटी पेन्शनचं अपील कसं लढवायचं

रेकॉर्ड ऑफिसकडून येणारं नामंजुरीचं पत्र सहसा छोटंच असतं. तुमची व्याधी सैनिकी सेवेमुळे उद्भवलेली नाही, सेवेमुळे वाढलेलीही नाही, सबब डिसॅबिलिटी पेन्शन देय नाही. मान्य नसेल तर सहा महिन्यांत अपील करा. एवढंच. माण-खटावात, जत-आटपाडीत, कोरेगाव-पाटणला कितीतरी घरांत हे पत्र डिस्चार्ज बुकासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून पडलेलं आहे. 'साहेब लोकांनी नाही म्हटलं, आता काय' असं म्हणून माणूस शेताला लागतो, आणि पाय रात्री ठणकतच राहतो.

हा लेख जवान, एनसीओ (नाईक, हवालदार) आणि जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार) म्हणून निवृत्त झालेल्यांसाठी आहे, आणि तोही पायाच्या जुन्या दुखण्यापुरता. लढाईत किंवा ऑपरेशनमध्ये गोळी, सुरुंग लागून पाय जायबंदी झाला असेल तर ती वॉर इंज्युरी पेन्शन. तिचे नियम आणि दर वेगळे आहेत, त्यात इथे शिरत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण अपिलं बहुतेक इथेच फसतात. आज पाय किती दुखतो हे सांगून अपील जिंकता येत नाही. भरतीच्या दिवशी पाय धडधाकट होता, नोकरीत असताना बिघडला, आणि बाहेर पडताना बिघडलेलाच होता, ही तीन टोकं कागदाने जोडावी लागतात. खाली जे काही सांगितलं आहे ते या जोडणीसाठी.

आधी नकार नेमका कशाला आहे ते बघा

पत्र बाजूला ठेवा आणि रिलीज मेडिकल बोर्डाची, म्हणजे निवृत्तीच्या वेळी फौजी डॉक्टरांनी केलेल्या तपासणीची, प्रत काढा. हा एएफएमएसएफ-१६ नावाचा फॉर्म असतो. बोर्ड आउट होऊन, म्हणजे दुखण्यापायी मुदतीआधीच काढलं जाऊन, आला असाल तर तोच इनव्हॅलिडिंग बोर्डाचा. त्यात तीन जागा शोधायच्या.

पहिली, व्याधीचं नाव. दुसरी, टक्केवारी. तिसरी, व्याधी सेवेमुळे उद्भवली का आणि नसल्यास सेवेमुळे बळावली का, या दोन प्रश्नांची 'हो' किंवा 'नाही'ची उत्तरं आणि त्यांच्या शेजारचं कारण. पुष्कळ फॉर्मांत गंमत अशी दिसते की टक्केवारी २० किंवा ३० लिहिलेली असते, आयुष्यभरासाठी असंही लिहिलेलं असतं, आणि पेन्शनला पात्र टक्केवारीच्या रकान्यात 'शून्य'. माणूस शून्य बघतो आणि समजतो, आपल्याला काही झालेलंच नाही असं बोर्डाचं म्हणणं आहे. तसं नसतं. पाय २० टक्के निकामी आहे हे बोर्डाने मान्य केलेलं असतं. फक्त त्याचा नोकरीशी संबंध नाकारलेला असतो. अशा केसमध्ये टक्केवारीवर एक शब्दही वाया घालवू नका. भांडण फक्त संबंधाचं आहे.

टक्केवारीच २० च्या खाली असेल तर गोष्ट अवघड. मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याला किमान २० टक्के लागतातच. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये विंग कमांडर राठोर यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं की २० टक्क्यांच्या खालचा आकडा वर ओढून पेन्शन मिळत नाही. मग अपिलात फेरतपासणी मागावी लागते आणि नवे वैद्यकीय पुरावे द्यावे लागतात. मुदतीआधीच बोर्ड आउट केलेल्यांचं थोडं निराळं आहे. सुखविंदर सिंग प्रकरणात (२०१४) न्यायालयाचं म्हणणं होतं की ज्या दुखण्यापायी माणसाला नोकरीतून काढावं लागलं, ते २० टक्क्यांहून जास्तच धरलं पाहिजे.

कोणते नियम तुम्हाला लागू

हे बाहेर पडल्याच्या तारखेवर ठरतं. १ जानेवारी २००८ च्या आधी निवृत्त झालात तर १९८२ चे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे व्याधीचा सेवेशी संबंध ठरवण्याचे नियम. त्यानंतर २० सप्टेंबर २०२३ पर्यंत २००८ चे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले. त्यात नोकरी पूर्ण करून व्याधीसह निवृत्त होणाऱ्यांना मिळणाऱ्या रकमेला 'इम्पेअरमेंट रिलीफ' म्हणतात. अपिलात चुकीच्या सालाचा नियम टाकला तर समोरच्याला आयतं उत्तर मिळतं. शेजारच्या मेजरच्या अपिलाची झेरॉक्स काढून त्यावर फक्त नाव बदलणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. (आमच्याकडे नाईक असो की सुभेदार, गावात तो मेजरच.)

कागद गोळा करणं: सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं

घरात जे आहे ते आधी काढा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), हॉस्पिटलच्या डिस्चार्ज स्लिपा, जुने एक्स-रे, कॅटेगरी बोर्डाच्या, म्हणजे नोकरीत असताना वैद्यकीय श्रेणी ठरवणाऱ्या तपासण्यांच्या, प्रती. मूळ कागद कुणालाही देऊ नका, वकिलालाही नाही, झेरॉक्स द्या.

उरलेलं माहिती अधिकारात मागवायचं. अर्ज तुमच्या रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याकडे जातो: मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांचं बेळगाव, महार रेजिमेंटचं सागर, बॉम्बे सॅपर्सचं खडकी, आर्टिलरीचं नाशिक रोड, ईएमईचं सिकंदराबाद, सिग्नल्सचं जबलपूर. फी दहा रुपये. केंद्राच्या आरटीआय पोर्टलवरूनही अर्ज करता येतो, नातवाला सांगितलं तर तो दहा मिनिटांत करून देईल. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयाच्या वरिष्ठांकडे पहिलं अपील, आणि तिथेही काही झालं नाही तर नव्वद दिवसांत केंद्रीय माहिती आयोग. स्वतःचेच वैद्यकीय कागद मागताय, तेव्हा 'खासगी माहिती' म्हणून नकार देता येत नाही.

अर्जात 'माझी सगळी फाइल द्या' असं लिहू नका, त्याला गोलमाल उत्तर येतं. नेमकं मागा: भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, सेवाकाळातले सगळे कॅटेगरी बोर्ड, म्हणजे एएफएमएसएफ-१५, रिलीज बोर्डाची पूर्ण प्रत, तज्ज्ञ डॉक्टरच्या मतासह, इजा झाली असेल तर इंज्युरी रिपोर्ट, म्हणजे आयएएफवाय-२००६, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असल्यास तिचे निष्कर्ष, दाखल झालात त्या प्रत्येक मिलिटरी हॉस्पिटलचे कागद, महिना-साल टाकून, आणि शीट रोलमधला, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रातला, पोस्टिंगचा तक्ता. शिवाय अपील करताय ते प्रकरण नामंजूर करताना फाइलवर जे शेरे मारले तेही मागा. त्या शेऱ्यांतूनच नकाराचं खरं कारण कळतं.

जुने कागद ठरावीक वर्षांनंतर नष्ट केले जातात. २००८ च्या नियमांत म्हटलं आहे की एरवी दावा सिद्ध करण्याचा भार सैनिकावर टाकायचा नाही, पण निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी दावा केला आणि तोवर कागद नष्ट झाले असतील तर तो भार सैनिकावर येतो. म्हणून आज-उद्या करू नका.

आता खरी अडचण. फौजेत असताना आपण दुखणं लपवलेलं असतं. लो मेडिकल कॅटेगरी पडली की प्रमोशन लटकतं, कोर्स हुकतो, यूएन मिशनचं नाव कटतं. मग एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, जाऊन नाव लिहिण्यापेक्षा क्रेप बँडेज गुंडाळून बीपीईटी, ती फौजेची शारीरिक क्षमतेची चाचणी, पळणं बरं वाटतं. अशा माणसाच्या मेडिकल कागदांत पायाचं नावही नसतं, आणि बोर्ड म्हणतं: दहा वर्षं दुखत होतं तर कधी सांगितलं का नाही? कागद नसेल तर आडवाटेने पुरावा उभा करावा लागतो. सिक रिपोर्टला 'अटेंड बी' किंवा 'अटेंड सी', म्हणजे आजारपणामुळे कामातून सूट, मिळाल्याची एखादी चिठ्ठी उरली आहे का ते बघा. पलटणीतल्या जोडीदाराचं प्रतिज्ञापत्र घ्या, पण 'यांचा पाय दुखायचा, मी पाहिलं आहे' असलं मोघम नको. कुठल्या साली, कुठल्या ठिकाणी, काय करताना पडले, कुणी उचलून एमआय रूमला नेलं, त्यानंतर कुठल्या ड्यूटीवर लावलं, हे लिहिलेलं हवं, आणि त्या काळात दोघं एकाच युनिटमध्ये होते हे त्याच्या डिस्चार्ज बुकातून दिसायला हवं. निवृत्तीनंतर लगेचच्या महिन्यांतले ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकचे केसपेपरही फार उपयोगी पडतात. बाहेर पडल्यावर तीन महिन्यांत गुडघ्यासाठी गेलेला माणूस आणि बारा वर्षांनी गेलेला माणूस, यांत बोर्ड फरक करतंच.

'पाय दुखतो' हे निदान नव्हे

दावा दुखण्यावर मिळत नाही, व्याधीच्या नावावर मिळतो. त्यामुळे दुखण्याचं मूळ कुठे आहे ते आधी शोधा.

माझ्या मते सर्वांत जास्त घोळ कंबरेचा होतो. माणूस सांगतो पाय दुखतो, पोटरीत मुंग्या येतात, अंगठा बधिर होतो. बोर्ड पाय तपासतं, हाड ठीक, सांधा ठीक, आणि टक्केवारी नगण्य. खरं दुखणं असतं कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यातल्या किंवा त्याखालच्या गादीचं. ती सरकून नस दाबते आणि कळ पायात उतरते. सायटिका म्हणतात ती हीच. इथे एमआरआय आणि नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, लागते, आणि अपिलातलं नाव मणक्याचं हवं. जड सामान पाठीवर, डोंगराळ भागात गस्त, गाडीच्या मागच्या फळ्यावर तासन्‌तास धक्के: याचा फौजेच्या कामाशी संबंध दाखवणं त्यामानाने सोपं असतं.

गुडघ्याचं दुसरं. तरुणपणी व्हॉलीबॉलमध्ये किंवा ऑब्स्टॅकल कोर्सवर लिगामेंट किंवा मेनिस्कस फाटलं, तेव्हा प्लास्टर घालून भागवलं, आणि पुढे पंधरा वर्षांत सांधा झिजला. बोर्ड लिहितं 'वयोमानाची झीज'. पण जुनी इजा असलेला गुडघा लवकर झिजतो, हे कुठलाही हाडांचा डॉक्टर लिहून देईल. फक्त एका गुडघ्याची झीज जास्त आणि तोच जुन्या इजेचा, असं असेल तर दोन्ही गुडघ्यांचे उभ्याने काढलेले एक्स-रे शेजारी शेजारी लावा. तो पुरावा बोलका असतो.

भरतीनंतरच्या ट्रेनिंगमध्ये नडगीला होणारं स्ट्रेस फ्रॅक्चर हे तिसरं. ते सुरुवातीच्या साध्या एक्स-रेत दिसतही नाही, त्यामुळे 'मसल पेन' म्हणून निभावलेलं असू शकतं. उंचावरच्या थंडीत बोटांना हिमदंश झाला असेल तर पुढे कायमची जळजळ आणि बधिरपणा राहू शकतो. पायाच्या शिरा फुगल्या असतील तर डॉप्लर करा.

मधुमेह असेल तर तो लपवू नका. तळपायाची आग मधुमेहामुळेही होते आणि बोर्ड सगळं दुखणं त्याच्या खात्यावर टाकेल. पायाची तक्रार कधीची आणि साखर कधी सापडली, या दोन तारखा कागदावर शेजारी मांडल्या की पुष्कळदा तो मुद्दा तिथेच मिटतो. आणि अपील बाजूला ठेवून एक सांगतो: पाऊल उचलेनासं झालं, लघवीवरचा ताबा सुटला, किंवा एक पाय अचानक थंड आणि पांढरा पडला, तर केसपेपर जमवत बसू नका. तडक हॉस्पिटल गाठा.

पीस स्टेशनचा मुद्दा

नामंजुरीच्या कारणांत हे वाक्य हमखास सापडेल: व्याधीची सुरुवात पीस स्टेशनला (शांत भागातल्या छावणीत) झाली, फील्ड, हाय अल्टिट्यूड किंवा सीआय ऑपच्या (दहशतवादविरोधी मोहिमेच्या) ताणाशी तिचा काळाने संबंध जुळत नाही, सबब सेवेशी संबंध नाही. हे वाक्य बोर्डाबोर्डांत जवळपास जसंच्या तसं येतं, म्हणून याचं उत्तर तयार ठेवणं म्हणजे अपिलाचं निम्मं काम.

उत्तराला तीन बाजू आहेत. पहिली: फॉर्मवर 'सुरुवात' म्हणून जी तारीख असते ती दुखणं सुरू झाल्याची नसते, पहिल्यांदा डॉक्टरला दाखवल्याची असते. गादी सरकणं किंवा सांधा झिजणं एका दिवसाचं काम नव्हे. म्हणून पोस्टिंगचा तक्ता करा, प्रत्येक ठिकाण, किती महिने, काम काय. समजा, एखादा हवालदार अडीच वर्षं राष्ट्रीय रायफल्समध्ये कुपवाड्याला होता, तिथून पुण्याला आला आणि चौथ्या महिन्यात एमआय रूमला कंबर दाखवली. फॉर्मवर येणार 'सुरुवात पुणे'. पण चार महिन्यांपूर्वीपर्यंत तो माणूस ओझं पाठीवर घेऊन डोंगर चढत होता, हे तक्त्यात दिसलं की 'काळाने जुळत नाही' हे वाक्यच उभं राहत नाही.

दुसरी: पीस स्टेशनलाही पीटी, परेड, रूट मार्च, गार्ड ड्यूटी, रात्रीचं फायरिंग चालूच असतं. तुमची ट्रेड आणि रोजचं काम लिहा. ड्रायव्हर, गनर, कुक, क्लार्क, प्रत्येकाच्या पायावरचा भार वेगळा.

तिसरी बाजू कायद्याची. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल प्रत्येकाने ऐकलेला असतो, पण त्यात काय आहे हे थोड्यांनाच ठाऊक असतं. सिग्नल्समधल्या या शिपायाला १९९४ मध्ये फिट्सच्या आजारामुळे २० टक्के अपंगत्व देऊन बाहेर काढलं आणि संबंध नाकारला. न्यायालयाने म्हटलं: भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, पुढचा बिघाड सेवेमुळे झाला असं गृहीत, तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि व्याधी भरतीच्या तपासणीत का सापडली नसती याची कारणं बोर्डाने लिहायला हवीत. हा निकाल १९८२ च्या नियमांवर आहे. २००८ च्या नियमांत गृहीतकाची ती भाषा तशीच्या तशी नाही, आणि सरकारी वकील त्यावर बोट ठेवतात. म्हणून २००८ नंतर निवृत्त झालेल्यांनी नुसतं 'धरमवीर बघा' लिहून थांबू नये. पोस्टिंग, काम आणि डॉक्टरचं मत यांची जोड द्यावी. बोर्डाने कारणच दिलं नसेल किंवा एका ओळीत उरकलं असेल तर तो मुद्दा मात्र कुठल्याही सालाला चालतो.

रजेवरच्या अपघातांबद्दल गैरसमज फार आहेत. वार्षिक रजेवर घरी असताना स्वतःच्या कामाला जाताना पाय मोडला तर सेवेशी संबंध धरला जात नाही. २०११ च्या जुझार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटलं. पण सरकारी वॉरंटवर युनिटहून रजेला येताना किंवा परत जाताना वाटेत झालेली इजा ड्यूटीत मोडते. युनिटच्या खेळात झालेलीही. यात्रेच्या कुस्तीत झालेली नाही.

डॉक्टरकडून काय लिहून घ्यायचं

साताऱ्याला किंवा सांगलीला ईसीएचएसमध्ये दाखवून हाडांच्या किंवा नसांच्या तज्ज्ञाकडे रेफरल घ्या. सांगलीकरांना मिरज जवळच आहे, तिथे तज्ज्ञांची वानवा नाही. खासगी डॉक्टरचं मत मिलिटरी बोर्डाच्या मतावर कुरघोडी करत नाही, हे ध्यानात ठेवा. त्याचा उपयोग बोर्डाने काय पाहिलं नाही ते दाखवण्यापुरता.

म्हणून 'पेशंटला पायदुखी आहे, विश्रांती घ्यावी' असलं प्रमाणपत्र कुचकामी. डॉक्टरसमोर जुने मिलिटरी कागद ठेवा आणि विनंती करा की पत्रात हे यावं: कोणते जुने कागद पाहिले, आजचं निदान काय आणि ते कुठल्या तपासणीवर, सांधा किती अंश वळतो, स्नायू किती बारीक झाला, बधिरपणा कुठवर, आणि पूर्वीची इजा किंवा कामाचं स्वरूप यामुळे ही व्याधी होण्याची किंवा वाढण्याची शक्यता किती, तसं वाटण्याचं वैद्यकीय कारण काय. 'नक्की सेवेमुळेच' असं लिहा म्हणून डॉक्टरच्या मागे लागू नका. कारणासह लिहिलेलं 'शक्यता जास्त आहे' हे कारणाशिवायच्या 'शंभर टक्के'पेक्षा कितीतरी वजनदार.

अपिलाचा मजकूर

पहिलं अपील एसीएफए, म्हणजे पहिल्या अपिलांच्या समितीकडे जातं, पण पाठवायचं रेकॉर्ड ऑफिसमार्फत, स्पीड पोस्टाने, पावती जपून. हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. दोन-अडीच पानं पुरतात. सगळी सेवा, मिळालेली मेडल्स, घरची परिस्थिती लिहायचा मोह होतो. समितीला त्यातलं काही लागत नाही. सांगाडा साधारण असा, मराठीत देतो:

'मी अमुक तारखेला भरती झालो तेव्हा वैद्यकीयदृष्ट्या शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, होतो, प्रत सोबत, जोडपत्र १. अमुक साली अमुक ठिकाणी अमुक काम करताना उजव्या गुडघ्याला इजा झाली, मिलिटरी हॉस्पिटलमध्ये दाखल होतो, जोडपत्र २. त्यानंतर अमुक तारखेपासून लो मेडिकल कॅटेगरीत राहिलो, जोडपत्र ३. रिलीज बोर्डाने व्याधी २० टक्के, आयुष्यभरासाठी, असं ठरवलं; पण सुरुवात पीस स्टेशनला झाल्याचं कारण देऊन संबंध नाकारला. हे कारण चुकीचं आहे, कारण...' आणि इथून पुढे पोस्टिंगचा तक्ता, डॉक्टरचं मत, निकालाचा आधार. शेवटी मागणी तीन ओळींत: संबंध मान्य करावा, डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, निवृत्तीच्या तारखेपासून द्यावं, आणि टक्केवारी ब्रॉड बँडिंगनुसार ५० धरावी.

ही शेवटची ओळ विसरू नका. ५० च्या खालचा आकडा ५० धरायचा, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि ७६ पासून पुढे १००, हा लाभ ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने बोर्ड आउट झालेल्यांना मिळाला, आणि डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही. पैशात फरक किती ते बघा. डिसॅबिलिटी एलिमेंट १०० टक्क्यांना शेवटच्या हिशेबी पगाराच्या ३० टक्के असतं. त्यात मूळ पगारासोबत मिलिटरी सर्व्हिस पेही धरतात. पगार ४०,००० रुपये असेल तर १०० टक्क्यांना १२,०००. नुसत्या २० टक्क्यांना २,४००, पण ५० धरल्यावर ६,०००. वर महागाई, आणि हे सगळं नेहमीच्या पेन्शनशिवाय.

सहा महिने उलटून गेले असतील तरी अपील पाठवाच, उशिराचं कारण एका परिच्छेदात लिहून.

अपील मेडिकल बोर्डाला बोलावलं तर

पुण्याच्या किंवा खडकीच्या हॉस्पिटलला जावं लागेल. एक्स-रे आणि एमआरआय तारखेच्या क्रमाने लावून न्या. लंगडण्याचं नाटक करू नका. पार्किंगमधून ताठ चालत येणारा माणूस खोलीत शिरताना पाय ओढायला लागला की त्यांच्या लगेच लक्षात येतं. उलट तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसायची फौजी सवयही इथे घरी ठेवा. 'ठीक आहे साब' हे दोन शब्द बोर्डासमोर अजिबात नकोत. काय जमत नाही ते कामाच्या भाषेत सांगा: उकिडवं बसून भांगलण होत नाही, एसटीची पायरी चढताना दांडी धरून आधी डावा पाय टाकावा लागतो, पंधरा मिनिटं उभं राहिलं की पाय बधिर होतो, रात्री दोनदा उठावं लागतं.

पुढची पायरी: दुसरं अपील आणि ट्रायब्युनल

पहिलं अपील फेटाळलं तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं, एसएसीपी, म्हणजे दुसऱ्या अपिलांच्या समितीकडे, पण तेही रेकॉर्डमार्फतच. त्यात पहिल्या नकाराच्या कारणाला उत्तर द्या. तीच पानं पुन्हा पाठवली तर तोच नकार परत येतो.

त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, म्हणजे सैन्यदलांच्या प्रकरणांचं खास न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झालं आणि आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ आहे. कलम १४ खाली अर्ज करायचा. अपिलावर सहा महिने काहीच निर्णय झाला नाही तर कलम २१ नुसार उपाय संपले असं धरून सरळ ट्रायब्युनलला जाता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं, आणि माणसं उत्तराची वाट बघत वर्षं काढतात. अंतिम निर्णयापासून सहा महिन्यांची मुदत आहे. उशीर झाल्यास माफीचा अर्ज सोबत द्यावा लागतो. पेन्शन दर महिन्याला थकत असते म्हणून जुनी प्रकरणंही ऐकली जातात, पण तरसेम सिंग निकालामुळे (२००८) थकबाकी सहसा अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. वीस वर्षं वाट पाहिली तर सतरा वर्षांचे पैसे गेले, असा तो सरळ हिशेब.

स्वतः उभं राहून बाजू मांडायची मुभा कायद्यात आहे. तरी वकील असलेला बरा, कारण कामकाज इंग्रजीत चालतं. वकील मुंबई-पुण्याचाच हवा असं नाही, पण ट्रायब्युनलची कामं केलेला हवा. ट्रायब्युनलने फेटाळलं तर २०२३ च्या परशोत्तम दास निकालानंतर उच्च न्यायालयात रिटचा रस्ता खुला आहे. ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. तुमची रिट कुठे दाखल करायची ते वकिलाला विचारून ठरवा.

मदत कुणाची घ्यायची, कुणाची नाही

सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. अर्जाचे नमुने, रेकॉर्डशी पत्रव्यवहार, कागद साक्षांकित करणं यासाठी तिथेच जा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली, तिच्यात सैनिक बोर्डांच्या कार्यालयांत कायदेशीर मदतीची केंद्रं काढायची आहेत. तुमच्या कार्यालयात त्याची चौकशी करा. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही अर्ज करता येतो. अपंग व्यक्ती त्या कायद्याच्या पात्र यादीत आहेत.

थकबाकीतले इतके टक्के द्या, पेन्शन लावून देतो, असं सांगत फिरणारे एजंट असतात. सही केलेला कोरा कागद, मूळ डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलचा पासवर्ड मागितला की समजून जा. आणि वकिलाने निकालावर अवलंबून टक्केवारीत फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांतच बसत नाही. फी आधी ठरवा, लेखी घ्या.

मंजुरी आल्यावर नवा किंवा दुरुस्त पीपीओ निघतो. त्यात व्याधीची टक्केवारी ५० लिहिली आहे का, आयुष्यभरासाठी आहे का, सुरुवातीची तारीख आदेशाप्रमाणे आहे का, हे बघा. मग पासबुक घेऊन थकबाकीची बेरीज स्वतः करा, महागाईसकट. आदेशात दिलेली मुदत उलटूनही पैसे आले नाहीत तर ट्रायब्युनलमध्येच अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. आणि पत्नीला या फाइलमध्ये काय आहे, कुठे आहे, हे आजच दाखवून ठेवा. प्रकरण चालू असताना माणूस गेला तर पुढे तिलाच ते चालवावं लागतं.